पाणी आलंय खरं

परवा पुण्याच्या टीमबरोबर कॉल चालला होता आणि मी नेहमीसारखं बोलून गेले, "फाईल मी कालच पाठवणार होते खरं लाईट गेली." पलीकडं कोथरूडची मैत्रीण थांबलीच. "एक मिनिट, खरं काय? पाठवणार होतीस हे खरं, का लाईट गेली हे खरं?" सगळे हसले, मीपण हसले. बेळगावच्या बाहेरच्यांना हे दर वेळी समजावून सांगावं लागतं की बाबांनो, आमच्यात 'खरं' म्हणजे 'पण'. कोल्हापूरकडं पण चालतं हे. "येतो म्हणला खरं आला नाही." "साडी चांगली हाय खरं रंग जातोय." शाळेत मराठीच्या बाई निबंधातला प्रत्येक 'खरं' लाल पेननं खोडून वर 'पण' लिहायच्या, वही तांबडी व्हायची, खरं आमची सवय काय गेली नाही. (बघा, आलंच परत.)

त्या दिवशी हसून विषय संपला असता. खरं दुसऱ्या दिवशी पहाटे आमच्या गल्लीत पाण्याचा जो घोळ झाला त्यानं तो प्रश्न परत उकरून काढला, आणि बी.ए.ला ऑप्शनल म्हणून घेतलेली फिलॉसॉफी, जी मी फक्त नोट्स पाठ करून पास झाले होते, ती दहा वर्षांनी माझ्या दारात हंडा घेऊन उभी राहिली.

झालं असं. आम्ही वडगावात राहतो. आमच्या गल्लीत पाणी रोज येत नाही, चार दिवसांनी कधी पाच दिवसांनी येतं, आणि कधी येणार ते नळालाच माहीत. म्हणून गल्लीचा व्हॉट्सॅप ग्रुप आहे. पहाटे पाच वीसला मेसेज, "पाणी आलंय." खाली पाच जणांचे अंगठे. एकीनं लिहिलं "हो आलंय". समोरच्या अक्कांनी कन्नडात व्हॉइस मेसेज टाकला, "नीर बंदैति." आई ताडकन उठली, मला उठवलं, संपचं (जमिनीखालच्या टाकीचं) झाकण सरकवलं, पाईप आत सोडला, हंडा, दोन कळश्या, पिंप सगळं रांगेत. नळ सोडला. फुस्स्स. नुसती हवा. आणि हवेनं मीटरचा काटा गरागरा फिरायला लागला, असा की बघणाऱ्याला वाटावं इथं धबधबा चाललाय. बाबा टॉर्च घेऊन मीटरजवळ उकिडवे बसले होते, ते म्हणाले, "रीडिंग पडायलंय की, म्हणजे आलंच." आई म्हणाली, "मग हंड्यात दाखवा की."

पाणी आलं नाही. मागाहून कळलं की पहिला मेसेज टाकणारीनंपण नळाचा आवाज ऐकूनच टाकला होता आणि बाकीच्यांनी तिचा मेसेज बघून अंगठे दाबले होते. अक्कांनी तर तिचाच मेसेज ट्रान्सलेट केला होता.

तर आता सांगा, "पाणी आलंय" हे वाक्य खरं कधी?

पहिलं उत्तर सगळ्यांना सुचतं तेच. पाणी आलं असेल तर खरं, नसेल तर खोटं. ॲरिस्टॉटलनं जवळजवळ हेच म्हटलंय, जे आहे ते आहे म्हणणं आणि जे नाही ते नाही म्हणणं म्हणजे खरं. इंग्रजीतून शिकलेले याला कॉरस्पॉन्डन्स थिअरी म्हणतात, वाक्य आणि वस्तुस्थिती जुळली पाहिजे. आपल्याकडच्या नैयायिकांनी, म्हणजे न्याय दर्शनाच्या पंडितांनी, हेच जरा जास्त काटेकोर करून मांडलं. अन्नंभट्टाच्या तर्कसंग्रहात एक ओळ आहे जी मी परीक्षेसाठी घोकली होती आणि आता कुठं कळली, 'तद्वति तत्प्रकारकोऽनुभवो यथार्थः'. म्हणजे ज्याच्यात जे आहे, त्याच्यात ते आहे असाच अनुभव येणं. शिंपल्यात चांदी दिसली तर तो अनुभव अयथार्थ, कारण तिथं चांदीपण नाहीच. आमच्या नळात पाणी 'दिसणं' त्याच जातीचं.

सोपं वाटतं ना? मलापण वाटायचं. खरं आईचं वाक्य घ्या, "हंड्यात पाणी नाही." हे तर शंभर टक्के खरं होतं. मग ते जगातल्या कुठल्या गोष्टीशी जुळतं? हंडा आहे, हंड्याचं बूड आहे, बुडाला चिंचेनं घासल्याचे चट्टे आहेत. 'पाणी नसणं' नावाची वस्तू कुठं ठेवलीय? हा चेष्टेचा प्रश्न नाही. बर्ट्रांड रसेलनं १९१८ च्या व्याख्यानांत सांगितलंय की हार्वर्डला शिकवताना 'नकारात्मक तथ्यंपण असतात' असं तो म्हणाला तेव्हा जवळजवळ दंगल व्हायची वेळ आली. मला हे वाचून हसू आलं, कारण आपल्याकडं वैशेषिक दर्शनाच्या मंडळींनी अभाव हा सरळ एक स्वतंत्र पदार्थच (म्हणजे जगातल्या गोष्टींचा एक मूळ प्रकार) मानून टाकला, सातवा. जमिनीवर घडा नाही म्हणजे जमिनीवर घड्याचा अभाव आहे, आणि नैयायिक तर म्हणतात तो चक्क दिसतो. माझ्या मते हे पुस्तकात वाचून पटणार नाही, पहाटे साडेपाचला रिकाम्या हंड्यात टॉर्च मारून बघा, दिसतो. अख्खा दिसतो.

बरं, आता बाबांचं बघू. बाबा मीटरवर विश्वास ठेवून होते आणि शेजारचे एकमेकांवर. एक मेसेज, दुसरा मेसेज, पाच अंगठे, कन्नड व्हॉइस नोट, फिरणारा काटा, सगळं एकमेकांत अगदी फिट्ट बसत होतं. एकानंही दुसऱ्याच्या विरुद्ध काही सांगितलं नाही. कोहिरन्स थिअरीवाले म्हणतात सत्य म्हणजे हेच, वाक्यांचं एकमेकांशी सुसंगत असलेलं जाळं, कारण वाक्याच्या बाहेर जाऊन उघडी वस्तुस्थिती बघायची सोय माणसाला नसतेच, बघायला गेलं की परत एक वाक्यच हाताला लागतं. जोअकिम नावाच्या ऑक्सफर्डच्या प्राध्यापकानं १९०६ मध्ये यावर पुस्तक लिहिलं आणि रसेलनं लगेच १९०७ मध्ये त्याला झोडपलं. त्याचं उदाहरण मजेशीर आहे, बिशप स्टब्ज नावाचे एक सज्जन धर्मगुरू होते, बिचारे आपल्या मरणानं गेले. रसेल म्हणतो, 'बिशप स्टब्ज यांना खुनाबद्दल फाशी झाली' हे वाक्य घेऊन त्याच्याभोवती सुसंगत गोष्टींचं जाळं विणायला काय अडचण आहे? काहीच नाही. मग ते खरं झालं काय?

आमच्या तुकोबांनी पण सत्य-असत्याला साक्षी ठेवलं ते मनाला, बहुमताला नाही. अर्थात मनपण फुस्स हवा सोडतं कधीकधी, तो वेगळा विषय.

खरं मला रसेलचा बिशप लागतच नाही, माझ्याकडं माझे आजोबा आहेत.

आजोबा खानापूर तालुक्यातले, जन्म गावातच. रेल्वेत गँगमन होते, लोंढ्याच्या बाजूला आयुष्य गेलं. त्यांच्या आईनं त्यांना सांगितलेलं असं की तू श्रावणातला, नागपंचमीच्या आधी दोन दिवस, भाताची लावण संपत आली होती आणि बाहेर धो धो पाऊस, सुईण चिखलातून आली. तारीख कुणाला माहीत. पुढं शाळेत नाव घालायला नेलं तेव्हा मास्तरांनी तारीख विचारली, कुणाला सांगता येईना, मास्तरांनी लिहून टाकली १ जून. त्या काळात अर्ध्या गावाचा जन्म १ जूनचा आहे, तुमच्या पण घरातल्या म्हाताऱ्या माणसांचं आधार कार्ड काढून बघा. शाळा जूनला सुरू होणार, मुलाचं वय बसलं पाहिजे, १ जून हिशोबाला सोयीची. झालं. शाळेच्या दाखल्यावरून नोकरीत १ जून, तिथून रेशन कार्डावर, मग व्होटर आयडी, पॅन, आधार, बँक, सगळीकडं १ जून. जगातली सगळी कागदपत्रं एका सुरात बोलतात. एवढी सुसंगती तर आमच्या भजनी मंडळात पण नाही.

आणि ते खोटं आहे. अंदाजानं नाही, नक्की खोटं आहे, कारण श्रावण १ जूनला येऊच शकत नाही, कितीही अधिक महिना धरा, जूनच्या सुरुवातीला श्रावण नाही म्हणजे नाही.

हे लिहिताना जाणवलं की आजोबांची १ जून फलप्रामाण्यवाल्यांना (इंग्रजीत प्रॅग्मॅटिस्ट) पण अवघड आहे. अमेरिकेचा विल्यम जेम्स १९०७ मध्ये म्हणाला की खरं म्हणजे विचार करताना जे उपयोगी पडतं, जे घेऊन चाललं तर आपलं चालतं ते. (त्याच्या आधी पर्सनं १८७८ मध्ये जरा वेगळं सांगितलं होतं, की शोध घेत घेत सगळे शेवटी ज्या मताला येऊन पोचतील ते सत्य. दोघांना एका पोत्यात घालतात लोक, घालू नये.) तर १ जून उपयोगी पडली काय? पडली की! त्या तारखेनं नोकरी लागली, त्याच तारखेनं रिटायर झाले, त्याच तारखेवर शेवटपर्यंत पेन्शन आली, एक महिना चुकली नाही. उलट श्रावणाचा उपयोग शून्य, कुठल्या फॉर्ममध्ये 'पंचमीच्या आधी दोन दिवस' लिहायची जागा असते? जेम्स म्हणेल की अगं, लांबचा विचार कर, सगळ्या अनुभवाशी जमलं पाहिजे. ठीक आहे, खरं आजोबांच्या बाबतीत शेवटपर्यंत जमलंच सगळं, आणि तरी खोटंच राहिलं.

इथं मला नैयायिक जेम्सपेक्षा जास्त हुशार वाटतात, सॉरी. वात्स्यायनानं (कामसूत्रवाला वेगळा, हा न्यायभाष्यवाला) आपल्या भाष्याच्या पहिल्याच वाक्यात प्रवृत्तिसामर्थ्य आणलंय, म्हणजे ज्ञानावर विसंबून केलेलं काम फळाला येणं. त्यांचं नेहमीचं उदाहरण पण पाण्याचंच. लांबून पाणी दिसलं, गेलो, प्यालो, तहान भागली, म्हणजे ते ज्ञान बरोबर होतं. मृगजळ असतं तर तहान राहिली असती. हे ऐकायला जेम्ससारखंच वाटतं खरं फरक मोठा आहे. त्यांच्या मते तहान भागणं ही सत्य *ओळखायची* खूण आहे, सत्य *असणं* ते नव्हे. असणं म्हणजे ते तद्वति-तत्प्रकारक. पाणी आलंय हे हंडा भरल्यावर कळतं, हंडा भरल्यामुळं ते खरं *होत* नाही. खरं असणं वेगळं आणि खरं आहे हे कळणं वेगळं, या दोन गोष्टी जाम मिसळतात, ग्रुपवर तर रोज मिसळतात.

यावर मीमांसकांचं (वेदवाक्यांचा अर्थ लावणारे ते) नैयायिकांशी वाजलं ते वेगळंच. कुमारिल भट्ट म्हणतात ज्ञान आपोआप प्रमाण असतं, खोटं ठरेपर्यंत खरंच धरायचं, प्रत्येक ज्ञानाला दुसऱ्या ज्ञानाचा जामीन मागत बसलात तर जामिनाला जामीन, त्याला परत जामीन, संपायचंच नाही. नैयायिक म्हणतात नाही, प्रामाण्य बाहेरून तपासून ठरतं. आमच्या घरात हा वाद रोज चालू आहे. आई मीमांसक. "पाणी आलंय" ऐकलं की धावत सुटते, खोटं निघालं तर मग शिव्या. मी नैयायिक, "आधी बघून ये जा" म्हणून पांघरूण ओढून घेणारी. आणि खरं सांगायचं तर चार दिवसांचं पाणी भरतं ते आईमुळं भरतं, मी तपासून येईपर्यंत प्रेशर गेलेलं असतं.

आता मूळ प्रश्नाकडं, म्हणजे कोथरूडकडं.

फ्रँक रॅम्सी नावाचा केंब्रिजचा पोरगा (पोरगाच, १९३० मध्ये गेला तेव्हा फक्त २६ वर्षांचा) १९२७ मध्ये म्हणाला की तुम्ही उगाच डोकं फोडताय, 'खरं' हा शब्द काही करतच नाही. 'सीझरचा खून झाला हे खरं आहे' म्हणजे नुसतं 'सीझरचा खून झाला'. 'हे खरं आहे' काढून टाका, काय कमी झालं? काही नाही. अडचण येते ती "आई म्हणते ते सगळं खरं" असल्या वाक्यात, कारण आई काय काय म्हणते ते माहीत नसताना शब्द काढून टाकला तर हातात नुसती 'आई म्हणते' उरते. रॅम्सीला पण ते माहीत होतं, त्यानं त्यावर वाट काढायचा प्रयत्न केलाय.

तार्स्कीचं नाव इथंच येतं. पोलंडचा तर्कशास्त्रज्ञ, १९३३ मध्ये त्याचा मोठा निबंध आला. त्याचं वाक्य जगप्रसिद्ध आहे, 'बर्फ पांढरा आहे' हे वाक्य खरं, जर आणि फक्त जर बर्फ पांढरा असेल तर. आम्ही बेळगावचे, बर्फ फक्त गोळ्याच्या गाडीवर बघितलेला आणि तो लाल-हिरवा, म्हणून आपण म्हणू, 'पाणी आलंय' हे वाक्य खरं, जर आणि फक्त जर पाणी आलं असेल तर. वर्गात सरांनी हे फळ्यावर लिहिलं तेव्हा मागच्या बाकावरून आवाज आला होता, "सर, यासाठी फी भरलीय?" सर पण हसले. खरं गंमत कळते ती आमच्यासारख्या गावात. पहिल्यांदा वाक्य अवतरणात आहे, ते नुसतं एक वाक्य आहे, कुठल्यातरी भाषेतलं. दुसऱ्यांदा अवतरण नाही, तिथं नळाची गोष्ट चाललीय. आता अक्कांचं घ्या. 'नीर बंदैति' हे वाक्य कन्नडात खरं, जर आणि फक्त जर पाणी आलं असेल तर. हे मात्र कुणी 'त्यात काय विशेष' म्हणणार नाही, पुण्याच्या मैत्रिणीला तर ही माहितीच आहे. तार्स्की म्हणूनच सांगतो की सत्य नेहमी अमुक भाषेतलं सत्य, आणि त्याबद्दल बोलायला वरची दुसरी भाषा घ्या. नाहीतर भाषा स्वतःबद्दलच बोलायला लागली की "मी आत्ता खोटं बोलतोय" असला गुंता होतो. आमच्या कोपऱ्यावर एका भिंतीवर मोठ्या अक्षरात लिहिलंय, 'भिंतीवर काही लिहू नये'. ती भिंत रंगवणाऱ्याला तार्स्की वाचायला दिला पाहिजे.

मध्ये एक सांगायचं राहिलं. आमच्या बेळगावच्या किल्ल्यातली कमल बस्ती, ते जैन मंदिर, बघितलीय काय तुम्ही? १२०४ मध्ये बांधलेली, रट्टांचा राजा चौथा कार्तवीर्य, त्याच्या बिचिराज नावाच्या मंत्र्यानं बांधलेली. आत गेलं की काळ्या दगडाचं कमळ छतातून खाली आलेलं आहे. दारातून बघितलं तर ते लोंबतंय असं वाटतं, बरोबर खाली उभं राहून मान वर केली तर ते उमलतंय असं वाटतं. जैनांचा स्याद्वाद शिकवताना आमचे सर हे कमळ सांगायचे. 'स्यात्' म्हणजे 'कदाचित' नव्हे बरं का, सगळे तिथंच चुकतात. 'स्यात्' म्हणजे 'या बाजूनं बघितलं तर'. या बाजूनं आहे, त्या बाजूनं नाही, असं करत सात प्रकारची विधानं होतात. म्हणजे 'सगळ्यांचंच खरं' असला गुळमुळीतपणा तिथं नाही, उलट बाजू कुठली ते सांगायचं बंधन आहे.

सीमाभागात हे बंधन पाळलं तर बरीच भांडणं निम्म्यावर येतील असं मला वाटतं. १ नोव्हेंबर १९५६ ला आमचा जिल्हा त्यावेळच्या म्हैसूर राज्यात गेला हे एक वाक्य. महाराष्ट्राचा दावा २००४ पासून सुप्रीम कोर्टात आहे हे दुसरं. जिल्हा कुठं असायला पाहिजे होता हे तिसरं. पहिली दोन हंड्यातल्या पाण्यासारखी, झाकण उघडून बघता येतात. तिसरं तसं नाही, तिथं कुठला हंडा उघडायचा हाच वाद आहे. आणि चौथी जात पण आहे. १ नोव्हेंबर २०१४ पासून गावाचं सरकारी नाव बेळगावी झालं, म्हणजे 'गावाचं सरकारी नाव बेळगावी आहे' हे वाक्य आदल्या दिवशी खोटं होतं आणि दुसऱ्या दिवशी खरं झालं, आणि मध्ये रात्री गावातला एक दगडपण हलला नव्हता. ते नुसतं ठरवल्यामुळं खरं झालं. आजोबांची जन्मतारीख अशी ठरवून खरी होत नाही. रिटायरमेंटची तारीख होते. एकाच माणसाच्या एकाच कागदावर दोन जातीची सत्यं. सत्याची एकच व्याख्या सगळ्यांना पुरणार नाही, विषयाप्रमाणं सत्य असण्याची रीत बदलते असं क्रिस्पिन राइट वगैरे मंडळी १९९२ पासून म्हणतायत, मला ते बऱ्यापैकी पटतं.

तर रॅम्सी. 'खरं' काढून टाकला तर काही बिघडत नाही म्हणे. बेळगावात येऊन काढून दाखव की बाबा. "येतो म्हणला खरं आला नाही" यातून काढ. वाक्य दोन तुकडे होऊन पडतं. माझा अंदाज असा की आधी ते "येतो म्हणला हे खरं, पण आला नाही" असं असणार, प्रमाण मराठीत अजून "म्हणाला खरा, पण" असं आहेच. आमच्या लोकांनी 'पण' गाळला आणि त्याचं काम 'खरं'ला दिलं. ऑक्सफर्डचा तत्त्वज्ञ स्ट्रॉसन म्हणायचा की 'खरं' म्हणणं म्हणजे वर्णन नव्हे, मान डोलावणं आहे, 'तू म्हणतोस ते मान्य'. आमचा 'खरं' तसाच, मान डोलावतो, खरं डोलावता डोलावता पुढच्या अडचणीकडं बोट दाखवतो. इथपर्यंतचं मान्य, आता पुढं बघ. आजोबांना बँकेत कुणी जन्मतारीख विचारली की ते दर वेळी म्हणायचे, "कागदावर जूनचा हाय, खरं मी श्रावणातला." कॅशियरला वाटायचं म्हातारा 'पण' म्हणतोय. मी लहान होते, मला वाटायचं 'खरं तर' म्हणतायत. आता विचारायला ते नाहीत.

हे सगळं मैत्रिणीला सांगावं म्हणून काल रात्री टाईप करत बसले होते. एक वाजून दहा मिनिटांनी मागच्या दारात फुस्स झालं. मी हलले नाही, नैयायिक. मग खळखळ ऐकू आली, आईनं आतून हाक मारली, संपचं झाकण घासल्याचा आवाज, आणि पाईपमधून आधी तांबूस, मग पांढरं, मग नुसतं पाणी. हात घालून बघितला, गार. ग्रुपवर अजून कुणाचं काही नव्हतं, सगळे झोपलेले. मीच लिहिलं, "पाणी आलंय खरं फोर्स नाही."